रस्ता पण, माती पण: अ‍ॅडव्हेंचर बाईक निवडताना आधी वजन बघा

"अ‍ॅडव्हेंचर बाईक घ्यायचीय, कुठली घेऊ?" असं विचारणाऱ्या, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीकडे चालणारी गाडी शोधणाऱ्या बहुतेकांचे आकडे पाठ असतात, किती सीसी, किती पीएस (ताकद), किती न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर), स्क्रीनवर मॅप दिसतो का नाही, सगळं. पण तुम्ही नेमक्या कुठल्या मातीत चालवणार आहात असं उलट विचारलं की उत्तर येत नाही. माझं म्हणणं असंय की सुरुवात तिथूनच करायला पाहिजे, कारण आपल्याकडे कच्चे रस्ते एका जातीचे नसतात. धरणाच्या कडेने जाणारा मुरमाचा रस्ता कच्चा, शेतातली पाणंद कच्ची, पावसाने डांबर वाहून गेलेला घाट पण त्यातच धरायचा, कोकणातला जांभ्याचा रस्ता वेगळा, परभणी-नांदेडकडची काळी माती त्याहून वेगळी, आणि लडाख-स्पितीला गेलात तर खडी, वाळू आणि रस्त्यावरूनच वाहणारे बर्फाच्या पाण्याचे नाले. प्रत्येक ठिकाणी गाडीचं वेगळंच काहीतरी पणाला लागतं.

त्यामुळे गेल्या वर्षभरात तुम्ही खरोखर कुठे कुठे गेलात ते आठवून बघा, पुढे कधीतरी जायचंय ते नाही. बहुतेकांचं उत्तर असं निघतं की आठवडाभर ऑफिस, रविवारी ताम्हिणी किंवा माळशेज, वर्षातून एकदा गोवा किंवा कोकण, आणि त्यात अधूनमधून चार-पाच किलोमीटर खराब रस्ता किंवा गडाच्या पायथ्यापर्यंतची माती. असं असेल तर तुम्हाला रस्त्यावर दिवसभर न थकवणारी आणि मातीत अंगावर न येणारी गाडी पाहिजे, वाळवंटातली रॅली जिंकणारी नाही. दुसरा गट आहे तो दर रविवारी मुद्दाम माती शोधत जाणारा, त्याची गाडी वेगळी. तिसरा लांबच्या ट्रिपवाला, पिलियन (मागे बसणारा) आणि सामान घेऊन हिमालयात जाणारा, त्याची अजून वेगळी. तिन्हींना एकच गाडी चालेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट, वजन. मातीवर गाडी आडवी होते, चांगल्या चांगल्यांची होते, त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच की ती एकट्याने उचलता येते का. हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही साधारण १५९ किलोची, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७, केटीएमची पहिली ३९० अ‍ॅडव्हेंचर १७७, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० १९६ किलोची आणि बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस २४९ किलोची. कागदावर १५९ आणि १९६ मध्ये ३७ किलोचाच फरक दिसतो, पण पाणंदीच्या उतारावर, पायाखाली निसरडं असताना, आजूबाजूला माणूस नसताना, आणि तेसुद्धा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा उचलायची वेळ आली की त्या ३७ किलोंचा अर्थ कळतो. एकदा दमलात की चालवण्यातल्या चुका वाढतात, चुका वाढल्या की अजून पडता, म्हणून मी वजनाला सगळ्यात वर ठेवतो.

उचलायची पण पद्धत आहे आणि ती गाडी घ्यायच्या आधीच एखाद्या मित्राच्या गाडीवर, मऊ जमिनीवर जुनं गोणपाट टाकून शिकून घ्या. आधी इंजिन बंद, किल स्विच दाबायचा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कलंडणार नाही. गिअरमध्ये टाकायची, नाहीतर उचलताना घरंगळते. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हाताने जमिनीकडचं हँडल धरायचं, दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅब रेल किंवा चौकट, पाठ सरळ ठेवायची आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटत न्यायचं. कंबरेतून वाकून ओढायचं नाही, मणका धरतो. उताराला पडली असेल आणि चाकं वरच्या बाजूला असतील तर आधी गाडी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणायची आणि मगच उचलायची, नाहीतर उतारावरून उलटं वर ढकलावं लागतं आणि ते होत नाही. हे करून बघितलंत की आपल्याला किती किलो झेपतात याचा अंदाज येतो.

ताकदीचं काय मग? तर जास्त सीसी म्हणजे जास्त अ‍ॅडव्हेंचर असं काही नसतं. पॅरिस-डकार ही रॅली सुरू झाली १९७८ च्या डिसेंबरात, आणि १९७९ आणि १९८० या पहिल्या दोन्ही वर्षी मोटारसायकल गटात सिरिल नेव्हू जिंकला तो यामाहाच्या एक्सटी ५०० वर, एक सिलिंडरची साधी गाडी. पुढे मोठमोठी इंजिनं आली, वेग भयंकर वाढला, आणि आता २०११ पासून डकारमध्ये ४५० सीसीच्या वरची मोटारसायकल चालतच नाही. २०२४ ला रॉस ब्रँच हीरोच्या ४५० रॅलीवर दुसरा आला. जगातली सगळ्यात अवघड रॅली ४५० वर होते, मग आपल्याला सह्याद्रीतल्या मुरमावर १२५० सीसी लागतात असं मला तरी वाटत नाही.

बरं, मोठं इंजिन मोकळ्या हायवेला लागतं म्हणावं, तर महाराष्ट्रात जिथे खरोखर मोकळं आहे तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. आपल्याला मिळतो तो पुणे-सातारा-कोल्हापूर हायवे, मुंबई-गोवा, नाशिककडचा, आणि तिथे मधूनच उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी स्कूटर, गावाचा स्पीडब्रेकर. या रस्त्यांवर ९० ते १०० ला आरामात, इंजिन न कोकलता चालणारी गाडी पुरे. २०० सीसीची गाडी ९० ला चालते, पण ती तिच्या टोकाच्या जवळ असते, समोरून वारा असेल किंवा मागे माणूस बसला असेल तर दम लागतो, आणि घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना हातात शिल्लक काही राहत नाही. २५० ते ३०० ला हे बऱ्यापैकी सुटतं, ३९०-४५० ला पूर्ण सुटतं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे ताकद खरंच लागते, ते म्हणजे उंची. ५००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच दाट असते, इंजिनाला जेवढी हवा कमी तेवढी ताकद कमी, म्हणजे १९ पीएसची गाडी तिथे ११-१२ पीएसची होते आणि त्यात दोन माणसं, दोन बॅगा आणि वर घाट. एकट्याने हलकं सामान घेऊन २०० वर लडाख कितीतरी लोक करतात, मजेत करतात, पण जोडीने जाणार असाल तर वरचं इंजिन घ्या, तिथे काटकसर नको.

आणि ताकद किती यापेक्षा ती कुठे मिळते हे मातीवर जास्त महत्त्वाचं. हे जरा नीट समजून घ्या कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. २०१६ ला आलेली जुनी हिमालयन ४११ फक्त २४-२५ पीएसची होती, वजन १९९ किलो, कागदावर एकदम मंद. पण तिच्या पिस्टनचा स्ट्रोक (वरखाली जायचं अंतर) लांब, ८६ मिलिमीटर, आणि बोअर (सिलिंडरची रुंदी) ७८, त्यामुळे तिचा ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळायचा. २०२० च्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला टॉर्क जास्त, ३७, पण तो ७००० ला. आता दगडगोट्यांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या वेगाने जायचंय असं धरा. हिमालयन अर्ध्या क्लचवर टकटक करत चढते, एखाद्या दगडाला अडली तरी बंद पडत नाही. केटीएमला मात्र आरपीएम वर ठेवायला लागतो, क्लचवर बोट लागतं, आणि आरपीएम वर असताना मागचं चाक मुरमात सुटलं की एकदम सुटतं. चालवता येणाऱ्याला त्यात मजा येते, नवख्याला घाम फुटतो. नंतरच्या गाड्यांमध्ये हा फरक बराच कमी झालाय, हिमालयन ४५० चा ४० न्यूटन मीटर ५५०० ला येतो, नव्या ३९० चा ३९ न्यूटन मीटर ६५०० ला, म्हणजे दोघी मधे येऊन भेटल्यात. तरी टेस्ट राईडला हायवेवर पळवून बघण्यापेक्षा एखाद्या चढावर पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल न देता, नुसतं क्लचवर सोडून बघा, गाडी हळू चालताना धक्के देते का, बंद पडते का. दोन मिनिटांत कळतं.

चाकांचं गणित सोपं आहे. पुढचं चाक २१ इंची, १९ इंची किंवा १७ इंची असतं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असतं तर खड्ड्यात उतरायच्या ऐवजी ते वरून जातं, तसंच हे. २१ इंची चाक दगडाला, खाचेला लहान कोनात भिडतं आणि पार होतं, शिवाय टायर अरुंद असल्याने मऊ मातीत कापत जातं. पण तेच चाक डांबरावर, घाटाच्या वळणात जरा उशिरा वळतं आणि अरुंद टायरचा रस्त्याला स्पर्श कमी. १९ इंची दोन्हीकडे ठीक, आणि ज्यांचं जास्त फिरणं डांबरावर आहे त्यांना मी १९ च सांगतो. १७ इंची पुढचं चाक असेल तर ती गाडी उंच असली, चोच लावलेली असली तरी रस्त्याचीच समजायची.

स्पोक का अलॉय, हा पुढचा वाद. जोरात दगड बसला तर स्पोकचं चाक थोडं वाकतं, तारा ताणून सरळ करता येतं, अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो आणि गेला की चाकच बदलायचं. पण बहुतेक स्पोकच्या चाकात ट्यूब असते, आणि ट्यूब पंक्चर झाली की हवा झटकन जाते, चाक काढा, टायर उतरवा, ट्यूब बाहेर, सगळा तासाभराचा कार्यक्रम. ट्यूबलेसला खिळा तसाच ठेवून तुम्ही पुढच्या गावापर्यंत जाऊ शकता, किंवा स्वतः प्लग मारू शकता. स्पोक असून ट्यूबलेस असा पण प्रकार आता मिळतो, हिमालयन ४५० ला तो पर्याय नंतर आला, थोडे पैसे जास्त लागतात पण माझ्या मते ते द्यावेत. ट्यूबवालीच घेतली तर एक गोष्ट लक्षात ठेवा, २१ इंची ट्यूब खेडेगावातल्या पंक्चरवाल्याकडे नसते, ती आपणच बॅगेत ठेवायची, आणि अडचणीत हीच २१ ची ट्यूब मागच्या १७ किंवा १८ च्या टायरमध्ये पण तात्पुरती बसवून घरी येता येतं, उलट मात्र जमत नाही.

सस्पेंशन, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर) आणि सीटची उंची ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत, एक ओढलं की दुसरं हलतं. सस्पेंशनचा ट्रॅव्हल म्हणजे चाक वरखाली किती जाऊ शकतं, साध्या रस्त्याच्या गाडीला पुढे १२०-१३० मिलिमीटर असतो, हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २००, एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७०. ट्रॅव्हल जास्त असेल तर मोठा खड्डा आला तरी शॉकअप शेवटपर्यंत दाबून आपटत नाही, हातातून हँडल हिसकलं जात नाही. पण ट्रॅव्हल वाढला की गाडी उंच होते, क्लिअरन्स वाढतो, आणि सीटही वर जाते. याचं टोक बघायचं असेल तर एक्सपल्सचं प्रो मॉडेल बघा, पुढे २५० आणि मागे २२० चा ट्रॅव्हल, २७० चा क्लिअरन्स, मातीत अप्रतिम, पण सीट ८९१ मिलिमीटर. साध्या एक्सपल्सची ८२५ आहे. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला ८२५ ला पायाचे चवडे टेकतात, ८९१ ला सिग्नलला एका बाजूला बूड सरकवून उभं राहायला लागतं.

उंची कमी असलेल्यांनी आणि बाईक चालवणाऱ्या मुलींनी एवढ्यावरून नाद सोडू नका. दोन्ही पाय सपाट टेकायलाच पाहिजेत असं नाही, एक पाय नीट टेकला तरी गाडी सांभाळता येते, फक्त सवय लागते. नुसता आकडा बघू नका, सीट पुढे अरुंद असेल तर त्याच उंचीला पाय जास्त खाली पोचतो, आणि मऊ सस्पेंशन बसल्यावर अजून खाली जातं. तरी जमत नसेल तर सीटचा फोम कमी करून घ्या किंवा कंपनीची लो सीट असेल तर ती घ्या, हिमालयन ४५० ला आहे. मागची लिंक बदलून गाडीच खाली आणायचा उद्योग शक्यतो करू नका, त्याने तोच क्लिअरन्स जातो ज्याच्यासाठी तुम्ही ही गाडी घेतली, आणि साईड स्टँड पण लांब पडतो, गाडी सरळ उभी राहायला लागते आणि वाऱ्याने पडते.

एक गोष्ट शोरूममध्ये हमखास करून बघा, गाडी स्टँडवर घट्ट धरायला सांगा आणि फूटपेगवर उभे राहा. खराब रस्त्यावर बसून नाही, उभं राहून चालवायचं असतं, गुडघे टाकीला चिकटवून. उभं राहिल्यावर हँडलपर्यंत पोचायला कंबरेत वाकावं लागत असेल तर अर्ध्या तासात पाठ जाईल, मग हँडलखाली रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) लागतील. टाकीचा आकार गुडघ्यांत नीट बसतो का, सायलेन्सरचं गरम कव्हर पोटरीला लागतं का, ब्रेकचं पेडल उभं राहून पायाखाली येतं का, हे सगळं तिथेच कळतं आणि कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

एबीएसबद्दल, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, बरेच गैरसमज आहेत म्हणून थोडं सांगतो. डांबरावर एबीएस जीव वाचवतं, त्यावर वादच नको. पण सुट्ट्या खडीच्या उतारावर चाक सारखं सुटायला बघतं, एबीएसला वाटतं चाक लॉक होतंय, ते ब्रेक सोडत राहतं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी खाली जातच राहते. चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे मातीचा छोटा ढीग जमतो आणि तोच गाडी थांबवतो. म्हणून मातीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय पाहिजे, पुढचं चालूच ठेवायचं. एक्सपल्स २०० ४व्ही सारख्या गाडीत मोड बदलून एबीएस कमी करता येतं, हिमालयन आणि ३९० मध्ये मागचं बंद करता येतं, व्ही-स्ट्रॉम एसएक्स आली तेव्हा तिच्यात ही सोय नव्हती. आणि बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून परत चालू केली की एबीएस आपोआप पूर्ववत होतं, चहाला थांबून परत मातीत निघाल्यावर आधी डिस्प्लेकडे बघायचं, मगच उताराला लागायचं.

काळ्या मातीसाठी वेगळं लिहितो, कारण मराठवाडा-विदर्भातल्या लोकांना बाहेरच्या रिव्ह्यूमध्ये हे कधीच वाचायला मिळणार नाही. पहिल्या पावसानंतर काळी माती चिकट होते, पुढच्या टायरला लागते, टायरबरोबर फिरून खालच्या मडगार्डच्या आत जाते आणि तिथे थरावर थर बसत जातो. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांची जागा असते, ती शंभर-दोनशे मीटरमध्ये गच्च भरते, आधी गाडी ओढल्यासारखी वाटते, क्लच जळल्याचा वास येतो, आणि मग पुढचं चाक फिरायचंच बंद होतं, गाडी ढकलायला गेलं तर चाक न फिरता घसरत जातं. तिथे कितीही पीएस असले तरी काही उपयोग नाही. बाभळीची काडी घेऊन चिखल टोकरत बसायचं, पाच पावलं पुढे जायचं, परत टोकरायचं. म्हणून त्या भागात राहणाऱ्यांनी पुढचं मडगार्ड उंच, चाकापासून हातभर वर असलेलं, किंवा खालचं मडगार्ड चार बोल्ट काढून उतरवता येणारं बघावं, आणि टायरची नक्षी मोकळी घ्यावी, दाट नक्षीत माती अडकून टायर गुळगुळीत होतो. कोकणातल्या लाल मातीला हा त्रास नाही, तिथे पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि ते साबणासारखं निसटतं, तिथे गाडी कुठलीही असो, ब्रेक अलगद आणि हँडल सरळ.

मूळ टायर बहुतेक गाड्यांना अर्धे रस्त्याचे अर्धे मातीचे येतात, पहिले संपेपर्यंत तेच वापरा. पूर्ण खुबरे (मोठ्या गाठींचे, मातीचे) टायर लावले की मातीत पकड येते पण ओल्या डांबरावर घाटात गाडी तरंगते आणि ते लवकर झिजतात. त्याआधी हवा कमी करून बघा, पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा मातीत चार-सहा पीएसआय कमी केली तरी पकडीत खूप फरक पडतो, फक्त ट्यूब असेल तर फार कमी करू नका, दगडावर रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि फाटते. डांबर लागलं की परत भरायची, म्हणजे छोटा पंप जवळ लागतोच.

टाकी किती मोठी यावर लोक उगाच अडतात. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी प्रसिद्ध आहे, तेवढं अंतर धरून हिशोब करा. हिमालयनची १७ लिटर टाकी, लिटरला २८ धरले तर ४७० च्या पुढे. ३९० ची साडेचौदा लिटर, त्याच हिशोबाने ४०० ला. एक्सपल्सची १३ लिटर पण ती ३८ सहज देते म्हणून तीही ४९० पर्यंत जाते. महाराष्ट्रात तर हा प्रश्नच येत नाही. भरलेली मोठी टाकी म्हणजे वर चढवलेलं वजन, हेही विसरू नका.

पैशाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के. म्हणजे ३५० च्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी यांच्या करातच केवढी तफावत आहे बघा, वर थर्ड पार्टी विम्यातही ३५० च्या पुढचा गट महाग. त्यात मातीत पडल्यावर काय काय मोडेल ते धरा, क्लच लिव्हर, इंडिकेटर, आरसा, गिअरचं पेडल, रेडिएटरची जाळी. शोरूमला जाल तेव्हा पार्ट्सच्या खिडकीवर जाऊन या पाच वस्तूंच्या किमती आणि किती दिवसांत मिळतात ते विचारा, आणि तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. छोट्या केटीएम चाकणला बनतात, हीरोचं दुकान तालुक्याला असतं, हे पुण्या-मुंबईत बसून किरकोळ वाटतं पण हिंगोलीच्या माणसासाठी हाच निर्णय आहे. सगळं बजेट गाडीत घालू नका, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे गार्ड, चांगलं हेल्मेट, हँडगार्ड आणि इंजिनाखालची धातूची बॅश प्लेट याचे पैसे आधी बाजूला काढा, सामानाच्या सिल्व्हर रंगाच्या त्या मोठ्या पेट्या नंतर, आणि मातीत तर पेट्यांपेक्षा मऊ बॅगाच बऱ्या, पडल्यावर पाय पेटीखाली सापडून हाड मोडतं.

मग कुठली घेऊ, तर माझं मत सांगतो. माती शिकायचीय, एकटे जाता, बजेट कमी, तर एक्सपल्स २०० ४व्ही, आणि हायवेला थोडा जास्त दम पाहिजे असेल तर एक्सपल्स २१०, डोळे झाकून. जास्त डांबर, रोजचं ऑफिस, कधीतरी खराब रस्ता, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स, किंवा टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३००, दोन्हींना १९ इंची अलॉय आहे आणि दोन्ही ३५० च्या आत. हायवे पळवायचाय, घाटात वळणं पाहिजेत आणि मातीत हात साफ आहे, तर ३९० अ‍ॅडव्हेंचर. लांबच्या ट्रिपा, जोडी, सामान, हिमालय, आणि वजन उचलायची तयारी, तर हिमालयन ४५०. पाचशेच्या वरची गाडी रस्त्यासाठी घ्या, छान असतात, पण एकट्याने मातीत नेऊ नका.

आणि माती म्हणून कुठेही गाडी घालू नका, हे मी कळवळून सांगतोय. कासचं पठार किंवा कोकणातले सडे वरून नुसते उघडे खडक दिसतात पण पावसाळ्यात त्या बोटभर मातीच्या थरातच फुलं येतात, एकदा टायरचा चर पडला की पाणी त्यातूनच वाहतं आणि माती निघून जाते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर वाळूत कासवांची घरटी असतात. शेतात बांधावरून जायचं नाही, पाणंद सगळ्यांची असते, पीक एकाचं असतं. पावसात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, नडगीएवढं पाणीसुद्धा वाहतं असलं की गाडी बाजूला ढकलतं, आणि खाली फरशी शिल्लक आहे का ते दिसत नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर या गाड्या बाहेरून चकचकीत आणि खालून ठोकलेल्या असू शकतात, म्हणून आधी खाली वाकून बॅश प्लेट बघा, खोल पोचे असतील तर गाडी दगडांवर आपटलेली आहे. प्रत्येक तारेवर पान्याने हलकं टिचकी मारा, सगळ्यांचा आवाज सारखा यायला पाहिजे, एखादी भद्द वाजली तर ती सैल आहे. चाक हवेत उचलून फिरवा, रिम लडबडते का बघा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा, तेलाचा ओला पट्टा लागला तर सील गेलंय. शेवटी पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे अगदी सावकाश फिरवा, बरोबर मधे आल्यावर खट्टकन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, तो खर्च किमतीतून कमी करून घ्या.